वाळीत टाकलेला ग्रिंच: एका नावडत्या रिमेकचं प्रकरण

प्रकरण असं आहे. 17 नोव्हेंबर 2000 रोजी अमेरिकेत नाताळाच्या गोष्टीवरचा एक चित्रपट प्रदर्शित झाला, 'हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस'. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, ग्रिंचच्या भूमिकेत जिम कॅरी, खर्च 12 कोटी डॉलरच्या वर. त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत अमेरिकेत सर्वांत जास्त कमाई याने केली, सुमारे 26 कोटी डॉलर. जगभरचा आकडा 34 कोटींच्या पुढे गेला. म्हणजे तिकिटं भरपूर खपली. पण मूळ गोष्टीवर जीव असलेल्या माणसांसमोर याचं नाव काढून बघा, चेहरे आंबट होतात. समीक्षकांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांनी तो नापास केला. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी 2 तारे दिले. वर्षातल्या वाईट चित्रपटांसाठीच्या रॅझी पुरस्कारांत त्याला 2 नामांकनं मिळाली. एक होतं सर्वांत वाईट रिमेक किंवा सीक्वेलचं, दुसरं सर्वांत वाईट पटकथेचं.

आणि मला हा चित्रपट मनापासून आवडतो. दर डिसेंबरमध्ये एकदा तरी मी तो पाहते. हे सांगितलं की समोरचा समजूतदारपणे म्हणतो, "लहानपणी पाहिला असशील, म्हणून." हे उत्तर मला कायम खटकत आलंय, कारण त्यात माझी आवड माफ केली जाते, तपासली जात नाही. म्हणून गेल्या डिसेंबरमध्ये ती तपासायचं ठरवलं. एका संध्याकाळी तिन्ही ग्रिंच एकापाठोपाठ एक: आधी पुस्तक मोठ्याने वाचायचं, मग 1966 सालचा टीव्हीवरचा कार्टूनपट, मग हा चित्रपट. सोबतीला दादा आणि त्याची सात वर्षांची मुलगी. दादाला हाताने काढलेल्या ॲनिमेशनचं वेड आहे आणि हा रिमेक त्याला मुळीच आवडत नाही. मला असाच साक्षीदार हवा होता.

आधीचे दोन

पुस्तक 1957 सालचं. लेखक थिओडोर गायझेल, म्हणजेच डॉ. स्यूस. गोष्ट इतकी लहान की वाचायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. हूव्हिल नावाच्या गावातल्या हू लोकांना नाताळ फार प्रिय. गावाच्या उत्तरेला डोंगरावर राहणाऱ्या ग्रिंचला तो सण डोळ्यांसमोर नको. एका रात्री सांताक्लॉजचं सोंग घेऊन तो गावातल्या सगळ्या भेटवस्तू, सजावट, जेवणाचं सामान, अगदी झाडंसुद्धा चोरून नेतो. सकाळी रडारड ऐकू येईल म्हणून कान लावून बसतो, आणि खालून गाणं ऐकू येतं. काहीही उरलेलं नसताना हू लोक गातायत. ग्रिंच विचारात पडतो, त्याचं लहानसं हृदय तीन मापांनी वाढतं आणि तो सगळं परत आणून देतो.

पुस्तकात ग्रिंच म्हणतो की 53 वर्षं हे सहन केलं. गायझेल यांचा जन्म 1904 चा, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा तेही 53 वर्षांचे होते. नाताळ संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आरशात स्वतःचाच आंबट चेहरा दिसला आणि त्यातून ही गोष्ट सुचली, असं त्यांनी सांगितलेलं आहे. ग्रिंच हा त्यांच्यासाठी कुणी परका खलनायक नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पुस्तकातला ग्रिंच हिरवा नाही, हे वाचताना भाचीच्या लगेच लक्षात आलं. तिथे रंग काळा, पांढरा आणि लाल-गुलाबी एवढेच. हिरवा रंग त्याला 1966 मध्ये मिळाला. त्या वर्षी 18 डिसेंबरला सीबीएस वाहिनीवर चक जोन्स यांनी केलेला 26 मिनिटांचा कार्टूनपट दाखवला गेला. निवेदन आणि ग्रिंचचा आवाज बोरिस कारलॉफ यांचा, आणि ग्रिंचच्या दुष्टपणाची वर्णनं करणारं ते प्रसिद्ध गाणं थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांच्या खर्जातल्या आवाजात. जोन्स आणि गायझेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी कार्टूनपट एकत्र केले होते, त्यामुळे दोघांची तार जुळलेली होती. ती जुळलेली तार त्या 26 मिनिटांत सतत ऐकू येते. ग्रिंचच्या चेहऱ्यावर ते कुटिल हसू हळूहळू पसरतं, पसरतच जातं, कानांपर्यंत पोहोचतं, आणि केस कुरळे होत वर जातात. दादाने त्या जागी तीन वेळा मागे नेऊन दाखवलं. तिन्ही वेळा मी हसले.

माझी साक्ष इथेच नोंदवते: हा कार्टूनपट 2000 सालच्या चित्रपटापेक्षा जास्त नीट बांधलेला आहे. त्यात काढून टाकावं असं एकही दृश्य नाही. त्यामुळे 'मला चांगलं-वाईट कळत नाही म्हणून रिमेक आवडतो' हा पर्याय मी बाद धरते.

तिसरा ग्रिंच

चित्रपट 104 मिनिटांचा आहे. आधीच्या कार्टूनपटाच्या चौपट. पटकथाकार जेफ्री प्राइस आणि पीटर सीमन यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता: उरलेल्या वेळात सांगायचं काय? त्यांनी दोन गोष्टी वाढवल्या. ग्रिंचला बालपण दिलं, आणि हू लोकांना दोष दिले.

बहुतेकांचा राग या दोन गोष्टींवरच आहे. मूळ गोष्टीत हू लोक निरागस आहेत. इथे ते खरेदीने झपाटलेले आहेत. सिंडी लू नावाच्या चिमुरडीची आई रोषणाईत शेजारणीला मागे टाकायच्या नादात आहे. वडील पोस्टात आहेत आणि पार्सलांच्या ढिगाखाली बुडालेत. महापौर प्रत्येक भाषणात स्वतःची आरती ओवाळून घेतो. सगळ्यांची नाकं वर वळलेली, केस आकाशाला लागलेले, कॅमेरा सतत तिरका. भाचीला ती नाकं आवडली नाहीत. ग्रिंच पोस्टात शिरला तेव्हा ती माझ्या मागे सरकली आणि अर्ध्या तासाने "मी आत चित्र काढते" म्हणून उठून गेली. पुस्तकाला आणि कार्टूनला ती शेवटपर्यंत बसली होती.

हे मी लपवत नाही. सात वर्षांच्या मुलीने दिलेला निकाल माझ्या विरोधात गेला. मला वाटतं, चित्रपटाच्या वाईट प्रतिमेचं एक कारण हेच असावं. लहान मुलांच्या गोष्टीचं नाव लावून आलेला हा चित्रपट लहान मुलांसाठी थोडा जास्तच मोठा आहे. ज्या वयात वर्गात आपल्याला कोण बोलावतं आणि कोण नाही हे कळायला लागतं, त्या वयापासून तो पोहोचतो.

दादाचा मुद्दा

भाची उठून गेल्यावर दादाने चित्रपट थांबवला आणि म्हणाला, "बघ, कारण सांगितलं की गोष्ट लहान होते." त्याचं म्हणणं नीट मांडते, कारण ते वजनदार आहे.

पुस्तकात ग्रिंच असा का, याचं उत्तर मुद्दाम दिलेलं नाही. कदाचित डोकं नीट बसवलेलं नसेल, कदाचित बूट घट्ट असतील, बहुधा हृदय दोन मापं लहान असेल, एवढंच. यामुळे ग्रिंच कुणीही असू शकतो. घट्ट बूट सगळ्यांच्याच पायात कधी ना कधी असतात. रिमेकने मात्र त्याला शाळेत छळलेला मुलगा करून टाकलं. "मग तो बिचारा होतो," दादा म्हणाला. "आणि बिचाऱ्याने चोरी केली तर त्यात सुधारायचं काय राहिलं? त्याचं बरोबरच होतं म्हणायचं."

मी त्याला म्हटलं, "दादा, पण तू फक्त ग्रिंचकडे बघतोयस."

इथे आमचा खरा वाद सुरू झाला. मला त्याला जे सांगायचं होतं त्यासाठी मराठीत एक चपखल शब्द आहे, आणि तो शब्द सापडल्यावर मला स्वतःलाच हा चित्रपट जास्त कळला. मूळ गोष्टीतला ग्रिंच एकलकोंडा आहे. रिमेकमधला ग्रिंच वाळीत टाकलेला आहे. एकलकोंडा माणूस स्वतःहून दूर राहतो, त्याने मन बदललं की गोष्ट संपते. वाळीत टाकायला मात्र गाव लागतं. मग गोष्ट त्या एकाची उरत नाही, अख्ख्या गावाची होते. गावाला काहीतरी करावं लागतं, कबूल करावं लागतं, सोडावं लागतं. एकदा हा फरक धरला की हू लोकांना दोष देणं ही पटकथेची हौस वाटत नाही. तो त्या गोष्टीचा कणाच होतो.

या गावात हे प्रकरण खणून काढणारी एकटी सिंडी लू आहे. पोस्टात वर्गीकरणाच्या यंत्रात ती सापडते आणि ग्रिंच जाता जाता मागे वळून तिला बाहेर काढतो. सगळे ज्याला राक्षस म्हणतात त्याने मला का वाचवलं, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देत नाही. ती ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन घरोघर जाते. ग्रिंचला वाढवणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायकांना भेटते, त्याची एकेकाळची वर्गमैत्रीण मार्था मे हिला भेटते, महापौरालाही विचारते. जबाब गोळा करते, ते एकमेकांशी ताडून बघते. मी या लेखात जे करतेय ते तिने माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा धीटपणे केलंय.

जबाबांतून जे बाहेर येतं ते साधं आहे. आठ वर्षांच्या ग्रिंचला मार्था मे आवडत होती. तिच्यासाठी त्याने घरातल्या जुन्या मौल्यवान वस्तू वितळवून झाडावर लावायची देवदूताची मूर्ती केली. वर्गातला एक मुलगा त्याच्या दाढीवरून चिडवायचा, म्हणून त्याने स्वतःच वस्तरा चालवला, चेहरा कापून घेतला, आणि कागदी पिशवी डोक्यावर घालून शाळेत आला. पिशवी काढायला लावल्यावर वर्ग हसला. त्याने झाड उचलून फेकलं आणि डोंगर गाठला. चिडवणारा तो मुलगा पुढे गावाचा महापौर झाला.

कचऱ्याची नळी

या चित्रपटातली मला सर्वांत जास्त आवडणारी कल्पना फारसं कुणी बोलून दाखवत नाही. हूव्हिलचा सगळा कचरा एका नळीतून वर क्रम्पिट डोंगरावर जातो, आणि ग्रिंच त्या कचऱ्यावर जगतो. त्याच्या गुहेतलं सामान, यंत्रं, सोंगं, सगळं गावाने टाकून दिलेलं. गावाने माणूसही तिकडेच टाकलाय आणि वस्तूही तिकडेच टाकल्यात, आणि दोन्हीचा पत्ता एकच आहे. पटकथेला वाईटपणाचं नामांकन देणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी जमेला धरायला हवी होती.

आता यावर उभं असलेलं दृश्य बघा. सिंडी लूच्या आग्रहामुळे गाव ग्रिंचला उत्सवाचा मानकरी म्हणून खाली बोलावतं. जायचं की नाही, यावर तो गुहेत एकटाच स्वतःशी भांडतो. आपलं दिवसभराचं वेळापत्रक वाचून दाखवतो, त्यात स्वतःची कीव करायला वेळ, स्वतःचा तिरस्कार करायला वेळ, सगळं तासवार मांडलेलं. कपडे घालून बघतो, काढतो, पुन्हा घालतो. ज्याला फार दिवसांनी कुठे बोलावणं आलंय त्या माणसाची ही घालमेल जिम कॅरी इतक्या वेगाने आणि इतक्या अंगाने करतात की हसता हसता पोटात काहीतरी तुटतं. दादाही इथे हसला. त्याने ते मान्यही केलं.

मग तो जातो. आणि त्याला मजा येते! गाव त्याला भरवतं, खेळायला लावतं, नाचवतं, तो शर्यत जिंकतो. त्याचा चेहरा हळूहळू सैल होतो. थोडा वेळ असं वाटतं की चित्रपट इथेच संपू शकेल. तेवढ्यात महापौर भर सभेत त्याला भेट देतो, दाढी करायचं यंत्र. तोच आठ वर्षांचा मुलगा, तीच दाढी, तोच चिडवणारा, तसंच हसणारे लोक. आणि त्याला सावरायलाही वेळ न देता महापौर तिथल्या तिथे मार्था मेला मागणी घालतो, हो म्हणालीस तर नवी मोटार भेट.

ग्रिंच पेटतो, अक्षरशः. पण झाड जाळायच्या आधी तो बोलतो. तुमच्या भेटवस्तूंचं शेवटी काय होतं हे मला माहीत आहे, त्या सगळ्या माझ्याकडे येतात, नळीतून, कचऱ्यात, असं तो गावाला सांगतो. जो माणूस वर्षानुवर्षं गावाने टाकलेलं उचलत आलाय, त्यालाच हे सांगायचा अधिकार आहे. सणाच्या खरेदीवर टीका करणारे चित्रपट पुष्कळ आहेत, पण ती टीका कचरा वेचणाऱ्याच्या तोंडी देणारा मला हा एकच आठवतो. आणि त्यानंतर गाव काय करतं? जळालेल्या झाडाच्या जागी राखीव झाड उभं करतं आणि सण पुढे चालू. आपल्या जळफळाटाने त्यांचं काडीचंही बिघडलं नाही, हे ग्रिंचला दिसतं. चोरीचा निर्णय इथून येतो.

मूळ गोष्टीत ग्रिंच चोरी करतो ती गोंगाट नको म्हणून. इथे त्याच्या चोरीत एक तर्क आहे: तुम्ही ज्याला सण म्हणता तो या वस्तूंतच असेल, तर त्या उचलून बघतो काय उरतं ते. तर्क चुकीचा ठरतो, पण लगेच नाही. सकाळी रिकामी घरं बघून हू लोक गात नाहीत. ते हादरतात. महापौर सगळ्यांसमोर सिंडी लूला दोष देतो, हिनेच त्याला बोलावलं म्हणून. मग तिचा बाप उभा राहतो, तोवर पार्सलांखाली दबलेला तो गोंधळलेला माणूस, आणि म्हणतो की वस्तू गेल्या ते बरंच झालं, मला माझं कुटुंब हवं होतं, ते इथे आहे. त्यानंतर गाणं येतं.

मी दादाला हेच म्हटलं. कार्टूनमधलं गाणं सुंदर आहे, पण ते हू लोकांना आयतं मिळालेलं आहे, ते पहिल्यापासूनच तसे आहेत. इथलं गाणं त्यांना कमवावं लागतं.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बापाचं ते बोलणं मात्र फार सरळ लिहिलंय. जे दाखवायचं ते सांगून टाकलंय." ते खरं आहे.

जिथे चित्रपट कमी पडतो

आवडत्या गोष्टीची बाजू घेताना तिच्या चुका मोजल्या नाहीत तर तो अभ्यास कसला. काही चुका मला टोचतात.

पहिली, आणि सर्वांत मोठी. पुस्तकात गाणं ऐकल्यावर ग्रिंच 3 तास विचार करतो. बर्फात पाय गोठवत उभा राहून, डोकं दुखेपर्यंत. सगळ्या गोष्टीचा तोल त्या 3 तासांवर आहे, आणि चक जोन्स यांनीही त्या क्षणाला शांतता दिली आहे. या चित्रपटाकडे 104 मिनिटं असून त्या विचाराला पुरेशी जागा नाही. हृदय वाढायची कळ येते, कॅरी बर्फात लोळतात, आणि लगेच घसरगाडी कड्यावरून पडायला लागते, वर सिंडी लू, मग धावपळ. जिथे थांबायचं होतं तिथेच चित्रपट पळाला.

दुसरी चूक माझ्याच मुद्द्याच्या मुळावर येते. ग्रिंच खाली येऊन भर चौकात कबूल करतो की चोरी मी केली, आणि मला वाईट वाटतं. माफीचं हे वाक्य मूळ गोष्टीत नाही. ते इथे आहे याचा मला आनंदच होतो. पण महापौर माफी मागत नाही. वर्ग माफी मागत नाही. ज्या चित्रपटाने 'याला असं कुणी केलं' हा प्रश्न इतक्या कष्टाने उभा केला, तो शेवटी माफी फक्त वाळीत टाकलेल्याकडूनच घेतो. मार्था मे महापौराची अंगठी परत करते आणि ग्रिंचकडे येते, जणू हिशेब पुरा झाला. मला तो पुरा झाल्यासारखा वाटत नाही. दर वर्षी त्या जागी मी महापौराच्या तोंडाकडे बघत बसते.

बाकी किरकोळ म्हणता येतील. काही विनोद उगाच ओंगळ आहेत, काही मोठ्यांसाठीचे इशारे नसते तरी चाललं असतं. आणि खरेदीच्या हव्यासावर बोट ठेवणारा चित्रपट स्वतः खेळण्यांच्या आणि जाहिरातींच्या लाटेवर स्वार होऊन आला होता, हा आरोप तर मला खोडताच येत नाही.

रबर, केस आणि त्याची किंमत

ज्या एका गोष्टीवर बहुधा कुणाचाच वाद नाही ती म्हणजे ग्रिंचचा चेहरा. रंगभूषेचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं, रिक बेकर आणि गेल रॉवेल-रायन यांना. अंगावरच्या हिरव्या कातडीसाठी रंगवलेले याकचे केस एका घट्ट पोशाखावर शिवले होते. कॅरी 92 दिवस तो चेहरा चढवून बसले. पहिल्या दिवशी आठेक तास लागले आणि ते इतके वैतागले की ही भूमिकाच सोडायला निघाले होते. शेवटी यातना सहन करण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या एका तज्ज्ञाला बोलावलं गेलं, असं त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. एवढ्या रबराखाली कुठलाही चेहरा मरून जातो. यांचा जिवंत राहिला. भुवई हलते, ओठाचा एक कोपरा फसतो, आणि आपल्याला ते कळतं.

टेबलावरच्या कापडाचं दृश्यही त्यातलंच. ग्रिंच जेवणाच्या टेबलावरचं कापड ओढतो तेव्हा सगळी भांडी खाली पडणं अपेक्षित होतं. ओढल्यावर भांडी जागच्या जागी राहिली. कॅरी पुढे गेले, तसेच परत आले आणि हाताने सगळं उधळून गेले. ठरलेलं नसलेलं ते दृश्य चित्रपटात ठेवलं गेलं. ज्याला बिघडवायला आलोय ते बिघडतसुद्धा नाही, हा ग्रिंचचा अख्खा स्वभाव त्या काही सेकंदांत आहे.

पण या चेहऱ्याची किंमत फक्त कॅरींनी मोजली नाही. त्यांची रंगभूषा करणाऱ्या कझू हिरो यांनी पुढे सांगितलं की त्या चित्रीकरणातला ताण इतका होता की त्यांना काही काळ काम सोडून जावं लागलं, आणि त्यानंतर त्यांनी मानसोपचार घेतले. त्याच हिरो यांनी नंतर स्वतःच्या कामासाठी दोन वेळा ऑस्कर मिळवलं. हे वाचल्यापासून ग्रिंचचा चेहरा बघताना मला तो चढवणारे हात आठवतात. त्यामुळे आनंद कमी झाला का? थोडा झाला. तो कमी होणं मला योग्य वाटतं.

माझं स्वतःचं कारण

आता साक्षीदाराने स्वतःबद्दल बोलायची वेळ. मी हा चित्रपट टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा बारा वर्षांची होते. वर्षाच्या मध्येच शाळा बदलली होती. नव्या वर्गात सगळ्या जोड्या आधीच ठरलेल्या, त्यामुळे शेवटच्या बाकावर मी एकटी. पहिल्याच आठवड्यात माझ्या बोलण्याच्या ढबीवरून वर्ग हसला होता, आणि मग मी बोलणंच बंद केलं. तेव्हा ना मला डॉ. स्यूस माहीत होते ना चक जोन्स. टीव्ही लावला तर पडद्यावर एक हिरवा मुलगा डोक्यावर कागदी पिशवी घालून वर्गात उभा होता.

म्हणजे 'लहानपणी पाहिला म्हणून आवडतो' हे खरंच आहे की. पण पूर्ण खरं नाही. त्या वर्षी मी टीव्हीवर बरंच काही पाहिलं आणि त्यातलं बहुतेक विसरले. हा विसरले नाही, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात शोधलेलं होतं. मूळ गोष्ट मला तेव्हा भेटली असती तर तिने मला सांगितलं असतं की हृदय मोठं कर. ते शहाणपणाचं आहे, पण शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलीला त्या वर्षी ते ऐकायचं नव्हतं. रिमेकने मला एक चिमुरडी दाखवली जी घरोघर जाऊन विचारते की याला तिकडे कुणी पाठवलं. कुणीतरी हे विचारतं, एवढंच मला पुरलं.

मूळ कलाकृती आधी भेटलेल्या माणसाला रिमेक म्हणजे घरात झालेली तोडफोड वाटते. मला रिमेक आधी भेटला, त्यामुळे माझ्यासाठी तेच घर होतं आणि पुस्तक नंतर सापडलेला त्याचा पाया. यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. पण ज्या समीक्षकांच्या मनात ती 26 मिनिटं लहानपणापासून होती, त्यांनी 104 मिनिटांत तीच शोधली आणि ती सापडली नाहीत म्हणून निकाल दिला, असं मला त्यांची मतं वाचताना पुन्हा पुन्हा जाणवलं. चित्रपट जो वेगळा प्रश्न विचारत होता, त्याचं उत्तर तपासायला फार थोडे थांबले.

याचा एक परिणाम मात्र लक्षात घ्यावा लागतो. गायझेल 1991 मध्ये वारले होते. हक्क देताना त्यांच्या पत्नी ऑड्री गायझेल फार काळजी घेत. या चित्रपटानंतर 2003 मध्ये गायझेल यांच्याच दुसऱ्या पुस्तकावर खरीखुरी माणसं घेऊन चित्रपट झाला, तो पाहून ऑड्री यांनी असे चित्रपट पुन्हा होऊ न देण्याचं ठरवलं. ग्रिंच 2018 मध्ये परत आला तो संगणकीय ॲनिमेशनमधून. म्हणजे ज्या वाटेवर माझा आवडता चित्रपट निघाला होता ती वाट बंद झाली.

त्या संध्याकाळी चित्रपट संपला तेव्हा दादाचं मत बदललं नव्हतं. "कार्टूनच," तो म्हणाला, आणि मी वाद घातला नाही. भाची आतून तिचं चित्र घेऊन आली. तिने डोंगर काढला होता, हिरवा ग्रिंच काढला होता, आणि डोंगरापासून गावापर्यंत एक जाड काळी रेघ. दादाने विचारलं ही रेघ कसली. ती म्हणाली, ती कचऱ्याची नळी, तिच्यातून घसरत घसरत तो रोज खाली खेळायला येतो.